दुर्बीण विकणार नसल्याबाबत

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकता येतं मला अजून. दुर्बिणीमुळे उलट जास्तच वाकावं लागतं, ते पुढे येईलच.) तुझा रक्तदाब, वहिनीची कंबर आणि तुमच्या न्हाणीघराचा गळका नळ, तिघांचीही प्रकृती बरी असेल अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक आहोत. सूनबाईचा माझ्याशी अबोला होता तो संपला आणि चिरंजीवांचा सुरू झाला, त्यामुळे घरातली शांतता आहे तेवढीच आहे.

परवा फोनवर तू मला दुर्बीण विकून टाकायला सांगितलंस, गुडघे सांभाळायला सांगितलंस, आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. लहानपणी तू वाद अर्धवट टाकून खेळायला पळायचास, आता फोन ठेवतोस. पत्र मात्र मध्येच ठेवता येत नाही, कारण वहिनी ते मोठ्याने वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. तर वहिनी, सावकाश वाचा आणि जिथे मी रागावले आहे तिथे आवाज जरा चढवा. पहिली गोष्ट अशी की दुर्बीण मी विकणार नाही. दुसरी गोष्ट, केवढ्याला घेतली ते सांगणार नाही. पेन्शन माझी आहे आणि ती मी गिरणीच्या तपासणी खात्यात बसून मिळवलेली आहे. तुला आठवत असेल, काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून सरकणारं कापड आणि माझ्या डोळ्याला लावलेलं ते बोटभर भिंग. सगळी नोकरी मी नाकापासून वीतभर अंतरावरचे तुटके धागे शोधण्यात घालवली. आता मला लांबचं काहीतरी बघायचं आहे. जितकं लांब असेल तितकं बरं. ह्यात वेड लागण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही, तुला कळलं असेल तर कळव.

जाहिरात मी वाण्याच्या दुकानातल्या फळ्यावर वाचली. भिंगाची जुनी दुर्बीण, लाकडी तिपाईसकट, विकणे आहे, आणि खाली पत्ता. चिरंजीव म्हणाले की जुनी वस्तू पारखायला माहितगार माणूस लागतो, मी सुट्टीच्या दिवशी येतो. (ते सुट्टीच्या दिवशी झोपतात.) म्हणून मी एकटीच गेले. घर निघालं एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांचं. दार त्यांच्या बायकोने उघडलं आणि मी दुर्बिणीसाठी आले म्हटल्यावर त्या माउलीने माझे दोन्ही हात धरून मला आत ओढलं. दवाखाना बंद केल्यावर डॉक्टरांनी दात काढायची खुर्ची घरी आणली होती. ती मागे कलते, पाय वर उचलते, आणि तिच्यात पडून आकाश फार छान बघता येतं म्हणे. खुर्ची, दुर्बीण, तिपाई आणि डॉक्टर असे चौघे मिळून बाईंची पाहुण्यांची खोली अडवून बसले होते. आता पाहुणे म्हणजे लेक आणि बाळ असे दोघे यायचे होते, आणि बाईंनी फर्मान काढलं होतं की चौघांपैकी निदान दोघांनी जागा रिकामी करावी.

दादा, मी आयुष्यात पुष्कळ खरेदी केली, पण असा व्यवहार पाहिला नाही. विकणारा माणूस आपल्याच मालाची निंदा करत होता. डॉक्टर म्हणाले, ही नळी फार जड आहे, बाईमाणसाला झेपायची नाही. त्यांची बायको म्हणाली, मी रोज हिच्याखालची फरशी पुसते, मला झेपते. डॉक्टर म्हणाले, भिंगाच्या कडेला बुरशीचा ठिपका आहे. बायको म्हणाली, त्या ठिपक्यासकट ह्यांनी गुरूचे चंद्र बघितलेत आणि मला उठवून उठवून दाखवलेत. डॉक्टर म्हणाले, तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी किनार दिसते. बायको म्हणाली, किती सुंदर दिसते. मी मध्ये उभी राहून एकदा इकडे आणि एकदा तिकडे मान हलवत होते. मग डॉक्टरांनी टॉर्च आणला आणि पुढच्या भिंगातून आत उजेड टाकून, बघा, म्हणाले. मी बघितलं. ठिपका होता, तिळाएवढा, कडेला. कापड असतं तर मी त्याला खडूने गोल केला असता आणि थान पुढे सरकू दिलं असतं, कारण असा डाग शिवणीत जातो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी टॉर्च विझवला. मग म्हणाले, आधी आलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी भिंग दिसल्याबरोबर ते रुमालाने पुसायला हात पुढे केला. तुम्ही हात मागे बांधून उभ्या आहात. तुम्हाला कोणी शिकवलं हे?

(मला कोणीही काही शिकवलेलं नव्हतं. पर्सची चेन तुटली होती आणि सूनबाईच्या देखत शिवून घ्यायची लाज वाटून मी ती तशीच आणली होती. आतलं सांडू नये म्हणून पाठीमागे दोन्ही हातांनी गच्च धरली होती. पण असं कोणी आदराने विचारल्यावर पर्स पुढे आणणं मला बरं दिसेना.)

मग त्यांनी मला त्या खुर्चीत बसवलं, म्हणजे आडवंच केलं, आणि दुर्बिणीत कसं बघायचं ते समजावता समजावता त्यांना काय सवय आठवली कोण जाणे, त्यांनी मला आ करायला सांगितलं. मी आ केला. खालची दाढ हलते आहे असं निदान झालं आणि त्याच दमात दुर्बीण मला मिळाली. शेवटी पेटीचं झाकण लावताना डॉक्टर बराच वेळ कडी शोधत राहिले. कडी समोरच होती. बाईंच्या हातातलं फडकंही हातातच राहिलं. मी म्हटलं, डॉक्टर, आठवण आली की या, दुर्बीण तुम्हाला ओळखेल. त्यांनी मान हलवली आणि मला दाढेची आठवण करून दिली.

बसमधली हकीकत थोडक्यात सांगते. कंडक्टर म्हणाला पेटीचं तिकीट काढावं लागेल. मी काढलं. पुढच्या थांब्यावर गर्दी चढली आणि तोच म्हणाला, आजी, पेटी खाली घ्या, माणसांना बसू द्या. मी म्हटलं, पेटीचं तिकीट आहे, ज्यांचं नाही त्यांना उठव. तो हसला, लोक हसले, आणि एका बाईने पेटीत काय आहे विचारलं. मी दुर्बीण म्हटल्यावर तिने विचारलं, कुणासाठी? माझ्यासाठी म्हटलं तर तिचा विश्वास बसेना. दादा, माझ्या वयाच्या बाईने हातात काहीही धरलं तरी लोकांना वाटतं ते नातवाचं असणार. मला अजून नातू नाही, हेही मी तिला सांगितलं.

घरी आल्यावर चिरंजीवांनी दुर्बीण जोडली, डोळा लावला आणि ही बिघडलेली आहे, तुला फसवलं, असं जाहीर केलं, कारण आत सगळं काळं दिसत होतं. आकाश काळंच असतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. (इंजिनिअर आहेत.) दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गॅलरीतून चंद्र दिसायला लागला तेव्हा मी एकटीने तिपाई मांडली. नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून नेम धरायचा असतो, तो काही जमेना. चंद्र एवढा मोठा आणि मला सापडत नव्हता. शेवटी नळीला नुसता गाल लावून, बंदूक रोखतात तशी, मी ती सरकवत गेले आणि एकदम डोळ्यात उजेडच ओतला गेला.

काय सांगू तुला. नुसते खड्डे. खड्ड्यात खड्डे, त्यांच्या कडांच्या सावल्या, कुठे सुरकुती, कुठे ओरखडा. आमच्या तपासणीच्या टेबलावर असं थान आलं असतं तर मी ते हात न लावता परत पाठवलं असतं आणि विणकराला बोलावून घेतलं असतं. आणि मी तिथे वाकून, कंबर दुखेपर्यंत, त्यातला एकेक दोष बघत उभी होते आणि मला त्यातला एकही काढून टाकावासा वाटत नव्हता. चंद्र हळूहळू सरकत कडेला जातो, मग नळी पुन्हा ढकलावी लागते. तो सरकत नसतो, आपण फिरत असतो, हे आपल्याला शाळेत शिकवलं होतं, पण माझ्या पायाखालचं काही हललेलं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझी चाहूल का येत नाही म्हणून सूनबाई बघायला आली. घरातल्या अडगळीत मी भर घातली म्हणून ती बोलत नव्हती. मी बाजूला झाले. तिने डोळा लावला आणि तशीच राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “आई, हे रोज असंच असतं?” मी म्हटलं, रोज. “आणि आपण स्वयंपाक करत असतो,” ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही ब्रेड खाल्ला. चिरंजीवांचा अबोला तेव्हापासूनचा आहे.

आता येते त्या प्रकरणावर, जे तुझ्या कानावर चुकीचं गेलं आहे. समोरच्या इमारतीत एक गृहस्थ राहतात. ते संध्याकाळी गॅलरीत उघड्या अंगाने वजनं उचलतात आणि दर वेळी हुंकार देतात. (आम्ही त्यांना हुंकारराव म्हणतो.) त्यांनी आमच्या कमिटीच्या सेक्रेटरींकडे तक्रार केली की समोरच्या म्हाताऱ्या बाईने त्यांना बघण्यासाठी दुर्बीण आणली आहे. मला खाली पार्किंगमध्ये बोलावण्यात आलं. चिरंजीव अबोला तेवढ्यापुरता मोडून म्हणाले, आई, माफी मागून मोकळी हो. मी तिपाई उचलली, सूनबाईने नळी उचलली, आणि दुर्बीण घेऊनच आम्ही सभेला गेलो. पार्किंगमधून हुंकाररावांची गॅलरी सरळ दिसते. तिच्यावर नेम धरून मी सेक्रेटरींना म्हटलं, बघा.

त्यांनी बघितलं. स्क्रू इकडे फिरवला, तिकडे फिरवला. म्हणाले, नुसतं धुकं आहे. मग खजिनदारांनी बघितलं, त्यांनाही धुकं. ह्या दुर्बिणीला फार जवळचं दिसतच नाही. नळी बाहेर ओढावी तितकी ओढली तरी रस्त्यापलीकडची इमारत काही स्पष्ट होत नाही. हुंकारराव स्वतः बघायला पुढे आले. स्वतःची गॅलरी त्यांनी बराच वेळ धुक्यात शोधली. मी त्यांना म्हटलं, “वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही पुरेसे लांब नाही.” त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. मग सेक्रेटरींनी, वाद नको म्हणून, मला गच्चीची किल्ली दिली. मी माफी मागितली नाही. विकायचंही कबूल केलं नाही. कुणी तुला तसं सांगितलं असेल तर तो माणूस सभेला नव्हता.

तेव्हा दादा, माझं म्हणणं एवढंच की दुर्बीण इथून तसूभर हलणार नाही. वहिनींना नमस्कार. गुडघे दुखतात, पण ते दुर्बीण घ्यायच्या आधीही दुखतच होते.

तुझी, न ऐकणारी,
धाकटी

ता. क. गच्चीची किल्ली मिळाली त्याच आठवड्यात कमिटीला माझी काळजी वाटू लागली. वयस्कर बाई अंधारात वर जाते, धडपडेल, म्हणून त्यांनी गच्चीच्या चारही कोपऱ्यांत मोठे दिवे बसवले. आता तिथे पेपर वाचता येतो, तारा एकही दिसत नाही. तुझं घर रांगेत शेवटचं, पुढे सगळं माळरान, आणि तुझ्या गच्चीला कमिटी नाही. म्हणून दुर्बीण घेऊन मी येत्या शनिवारी तुझ्याकडे येते आहे. मुक्काम किती ते आल्यावर ठरवू.

आणखी एक. वहिनींना मी आधीच विचारलं आहे, त्या हो म्हणाल्या, त्यांच्यावर चिडू नकोस. तू फोन ठेवल्यावर त्यांनीच मला परत फोन केला होता. ऑपरेशननंतर तुझा उजवा डोळा गेला हे तू मला सांगितलं नाहीस, ते त्यांच्याकडून कळलं. तू आतल्या खोलीत पडदे ओढून बसतोस, कुणी आलं तर बाहेर येत नाहीस, हेही कळलं. मी त्यावर काही बोलणार नाही. फक्त एक अडचण सांगते. दुर्बिणीला डोळा एकच लागतो, आणि दुसरा मिटून धरायला मला अजून जमत नाही, सारखा तळहाताने झाकावा लागतो, हात दुखून येतो. तुला ती कटकट नाही. ह्या कामाला आपल्या घरात तुझ्याइतका लायक माणूस आता कोणी नाही.

बसस्टँडवर घ्यायला तूच ये. आहे त्या डोळ्याने ये.