तीन नकारांची तयारी

४ एप्रिल, पहाटेच्या नमाजानंतर
आमच्या मोहल्ल्याचे अक्सकाल, म्हणजे मुख्य वडीलधारे, इस्ताम-बोबो गुडघेदुखीमुळे पद सोडीत आहेत. नवा अक्सकाल चोवीस तारखेस हौदाकाठच्या चहाखान्यात, हात वर करून निवडला जाईल. बुखाऱ्याच्या या जुन्या गल्ल्यांत माझ्याइतके धर्मग्रंथ वाचलेला दुसरा मनुष्य नाही; म्हणूनच सारे मला दोमला, म्हणजे विद्वान गुरुजी, म्हणतात. मला पदाचा लोभ नाही. तथापि कर्तव्यास पाठ दाखवणे हेही पापच.
संकल्प : मोहल्ल्यातील एकेका सार्वजनिक सोयीची रोज जातीने पाहणी करणे. आज गारठा आहे. उद्यापासून.

६ एप्रिल
हौदाची पाहणी केली, चहाखान्यात बसून. पाणी हिरवे झाले आहे. बेडूक पुष्कळ. उपस्थितांस जलशुद्धीविषयी पाऊण तास विवेचन ऐकवले. चहाखान्याच्या तोलिबने माझा पियाला काठोकाठ भरला. आपल्याकडे मान्यवरास पियाल्यात घोटभरच चहा ओततात. काठोकाठ ओतला की पाहुण्याने उठावे, असा संकेत. परंतु तोलिबचा हात वयोमानाने थरथरत असावा. तो चाळीस वर्षांचा आहे.

९ एप्रिल, दुपार
हमामच्या, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाच्या, पाहणीस गेलो. आज स्त्रियांचा दिवस असल्याचे दारातच कळले. कळवण्याची पद्धत सौम्य नव्हती. आतून कोणी ओरडले, “दोमला, डोळे पोथीत ठेवा, दारात नको!” मागोमाग हसणे. एक ओला पंचाही आला.
दारावरील फलक फार लहान आहे. पदावर येताच मोठा लावीन.

११ एप्रिल
गल्लीतील नळ तीन दिवस कोरडा. पाणीखात्याकडे अर्ज लिहावयास घेतला. रात्रीपर्यंत प्रस्तावना अकरा पाने झाली. नळाचा उल्लेख अद्याप यावयाचा आहे.

१३ एप्रिल
नळास पाणी आले. माझा अर्ज तयार होत असल्याची कुणकुण वर लागली असावी.
सौदत, माझी पत्नी, वेगळेच सांगते. पाणीखात्याचा मिस्त्री गल्लीतल्या नानवाल्या हुर्शीदा-आपांच्या तंदूरवर नान घ्यावयास आला होता. आपा म्हणाल्या, “आधी नळ, मग नान. गरम आहेत, लवकर उरक.” तो अर्ध्या तासात उरकून गेला म्हणे. मी सौदतला म्हणालो, हा योगायोग होय. ती म्हणाली, “असेल. हंडा भरलाय, एवढं खरं.”

१७ एप्रिल
काही उथळ लोक अक्सकालपदासाठी हुर्शीदा-आपांचे नाव घेत आहेत. मी तंदूरपाशी सर्वांसमक्ष शांतपणे निदर्शनास आणले की अक्सकाल या शब्दाचा अर्थच पांढरी दाढी. आपा पिठाचे हात झटकत म्हणाल्या, “दाढीनं नळाला पाणी येतं का, दोमला? मग इतके दिवस कुठं लपवली होतीत?” लोक हसले. मी नान न घेता परतलो. तत्त्वासाठी.
सायंकाळी सौदतने दोन नान आणले. खाल्ले.

२० एप्रिल
आज एका थोर वचनावर चिंतन केले : पद मागणाऱ्यास पद देऊ नये. अतएव मागणार नाही. उलट नाकारीन. भला माणूस आदराची वस्तू तीनदा नाकारतो, आणि देणारा चौथ्यांदा आग्रह करतो, ही आपली जुनी रीत. तीन नकार लिहून काढले. पहिला नम्र, दुसरा सद्गदित, तिसऱ्यात किंचित फट. सौदतला ऐकवले. ती लोकर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “अहो, पहिलाच इतका पटण्यासारखा झालाय. पुढचे दोन कशाला?” तिची वाङ्मयीन समज अलीकडे वाढली आहे.

२३ एप्रिल
चोगा धुऊन वाळत घातला. स्वीकाराचे भाषणही पाठ आहे. बावीस मिनिटे.

२४ एप्रिल, सायंकाळ
सभा झाली.
इस्ताम-बोबोंनी प्रथम माझेच नाव घेतले. “दोमला, तुम्ही होता का?” मी उठलो. पहिला नकार म्हटला. आवाज उत्तम लागला; दोन वृद्धांनी डोळे पुसले. इस्ताम-बोबो म्हणाले, “शाब्बास! असं तोंडावर स्पष्ट सांगणारा माणूस आता उरला नाही. बरं, मग हुर्शीदा.”
हा केवळ पहिला नकार होता, हे निवेदन करण्यासाठी मी तत्काळ हात वर केला.
“दोमलांचं मत आलंच,” असे म्हणून त्यांनी मोजण्यास आरंभ केला. मी हात वर केला आहे असे पाहून, ज्यांनी केले नव्हते त्यांनीही हात वर केले. निवड एकमताने झाली. आपांनी माझे जाहीर आभार मानले. टाळ्या दीर्घकाळ वाजल्या.

२७ एप्रिल
माझ्या निरिच्छपणाची कीर्ती पसरली आहे. मशिदीच्या गालिचा-समितीत माझ्या जागी दुसरा घेतला. इमाम म्हणाले, “तुम्हाला असल्या गोष्टींचा मोह नाही, म्हणून विचारलंच नाही.” तोलिबने चहाखान्यातील मानाची आतली जागा परगावच्या पाहुण्यास दिली आणि मला आदरपूर्वक दाराशी बसवले. मी “काही हरकत नाही” म्हणालो. हे मी का म्हणालो, याचा विचार करणे आहे.

३० एप्रिल, सकाळ
शेजारच्या लग्नाच्या सकाळच्या पुलावास गेलो. पिवळी गाजरे, लसणाचा अख्खा गड्डा, वर मेंढीच्या शेपटीची चरबी. रिकाम्या पोटीच गेलो होतो. थाळी माझ्यापुढे आली. मी म्हणालो, “नको, नको.”
थाळी पुढे गेली.