पेशकशीची मोटरसायकल

१० मेहर, सोमवार

मागच्या चाकातली हवा गेली! अंगणात, चादरीखाली, उभ्या उभ्या. सहा महिन्यांत दोनदा बाहेर काढली, तीही मागच्या गल्लीतून, चोरासारखी — तेवढ्यात खिळा खाऊन आली.

गाडी माझी म्हणावी तर माझी नाही. नवरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, थोरल्या भावाकडे गेलो, तर दारात कोरी करकरीत लाल मोटरसायकल. तोंडातून निघालं, "काय देखणी आहे!" नोझरदादा म्हणाला, "पेशकश! तुझीच समज." हे आमच्या इराणात, त्यातून काशानमध्ये, सगळेच म्हणतात. घड्याळ वाखाणा, घड्याळ पेशकश. जावई वाखाणला तर बहुधा तोही! आपण तीनदा नको म्हणायचं, मग चहा येतो आणि वस्तू जागच्या जागी राहते. मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा त्याने किल्ली तळहातावर ठेवली आणि मी, पन्नाशीचा गाढव, "बरं" म्हणालो.

लाजेने चादर घातली. महिन्याभरात दादाने बोलणंच टाकलं. परत द्यावी तर त्याचा अपमान, ठेवावी तर माझा.

११ मेहर, मंगळवार

गोलनारच्या लग्नाची पत्रिका आली. दादाची मुलगी, माझी सख्खी पुतणी, दोन गल्ल्यांवर घर — आणि पत्रिका टपालाने!

लग्न शुक्रवारी. त्याआधी गाडी परत गेली पाहिजे, नाहीतर भाऊ कायमचा गेला. युक्ती सुचलीय. दादाने गाडीची स्तुती करायची, मी "पेशकश!" म्हणायचं. रीत ती रीत. पण आधी पंक्चर. चौकातल्या दुकानात नेली तर चहा निवायच्या आत दादाला कळेल, त्याच्या गाडीची मी काय दशा केली ते. पंक्चर काढायचा संच विकत आणला. घरीच करणार.

१२ मेहर, बुधवार

खिळा पकडीने उपटला. भोकात टोच्या फिरवून ते साफ केलं. दाभणाच्या नेढ्यात चिकट रबरी वात ओवली, खुपसली. दाभण हळूच, प्रेमाने ओढलं. वातही प्रेमाने बाहेर आली.

समोरच्या घराच्या पायरीवर शेजारीणबाई तूबा खानुम भाजी निवडत होत्या. "आगा इरज, टायरचं पंक्चर काढताय की त्याची समजूत?"

"या, तुम्हीच काढा."

"माझ्या नवऱ्याने तीस वर्षं गाड्या हाकल्या. वातीची शेपटं दोन बोटं बाहेर ठेवा आणि एका झटक्यात ओढा! हळू ओढणाऱ्याच्या हाती सगळं परत येतं."

झटका दिला. वात आत राहिली! शेपटं कापली, हवा भरली, साबणाचं पाणी ओतलं — एक बुडबुडा नाही. आजवर मी फक्त लोकांच्या कामातली भोकं दाखवत आलो. बुजवलेलं हे पहिलंच.

१३ मेहर, गुरुवार

दुपारी गाडी दादाच्या दारात नेली. तो बाहेर आला. सीटवरून हात फिरवला, टाकीवरून, मग चाकावरून. बोट वातीच्या टोकाशी थांबलं.

"हे कोणी केलं?"

"मी."

"चांगलं केलंयस."

स्तुती! मी किल्ली पुढे केली. "पेशकश, दादा! तुझीच समज."

"नको."

"घे रे."

"नको म्हटलं ना!"

"हे बघ, तिसऱ्यांदा सांगतो—"

"दहादा सांग! दिलेली वस्तू परत करायला आलायस? मेल्या, लाज कशी वाटत नाही!"

दार आपटलं. गल्लीतल्या तीन खिडक्या उघडल्या.

गाडी परत अंगणात. चादर घातली. लग्नाला जाणार नाही.

१४ मेहर, शुक्रवार

सकाळीच अक्दस वहिनी आल्या. बसल्या नाहीत. "कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय ह्यांनी. पण पुरे झालं. डोळे चाललेत त्यांचे, भावजी. नवी गाडी घेतली आणि नवरोजच्या आधीच डॉक्टरांनी ती चालवणं बंद केलं. तुम्हाला द्यायची म्हणूनच दारात काढून ठेवली होती. रोज वाट बघायचे — इरज येईल, मला मागे बसवून माझ्या दुकानात सोडेल. तुम्ही फिरकलातच नाही."

म्हणजे काशानमध्ये एका माणसाने पेशकश मनापासून म्हटली — आणि ती माझ्याच वाट्याला आली!

लग्न दहाला आहे. नवरीच्या बापाला मागे बसवून लग्नाला न्यायला निघालो.