न मिटणारा चाकू

२ फेब्रुवारी, रविवार
बायकोचा फोन. (वेगळी राहते, पण कागदोपत्री अजून बायकोच.) तिने दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली आहे. परीक्षा संपली की लेकीलाही घेऊन जाणार. मी अत्यंत शांत राहिलो. कप फुटला, पण तो तसाही जुनाच होता.
निर्णय: त्या जाण्याआधी लेकीला दोन दिवस जंगलात न्यायचं. तंबू, शेकोटी, बाप. आपला बाप काय चीज आहे हे तिला दिसेल आणि तीच म्हणेल, आई, तू जा, मी इथेच राहते. प्लॅनमध्ये एकही भोक नाही. फक्त एक चाकू लागेल.

५ फेब्रुवारी, बुधवार
ऑफिसात अभ्यास. घडीचा चाकू बाद, ऐन वेळी सांध्यात दगा देतो. न मिटणाराच हवा, आणि पात्याचं पोलाद मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेलं हवं. याला फुल टँग म्हणतात.
मध्येच फोन. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना मेकॅनिक पोचेपर्यंत फोनवर धीर देणं, हे माझं काम. एक बाई दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्या. त्यांचं मन रमावं म्हणून फुल टँग समजावून सांगितलं. बाहेर आल्याआल्या त्यांनी साहेबांकडे तक्रार केली. लोकांना ज्ञान नकोच असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार
कार्बन स्टील की स्टेनलेस? कार्बनला धार झटकन लागते, पण जरा दुर्लक्ष झालं की गंज. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, पण धार लावताना घाम काढतं. जेवण जाईना. शेवटी लेकीचं मत घ्यायला फोन केला. म्हणाली, बाबा, उद्या केमिस्ट्रीचा पेपर आहे. म्हटलं, अगं, मग हीच तर केमिस्ट्री! फोन कट झाला. रेंज गेली असावी.

१५ फेब्रुवारी, शनिवार
दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, चाकू कशासाठी हवाय? म्हटलं, जगण्यासाठी. त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, काउंटरवरचे सगळे चाकू एकेक करून काचेआड ठेवले आणि घरी कोणी आहे का, असं विचारलं. म्हटलं, सध्या नाही. मग त्याने पाणी दिलं आणि दुकान बंद करायची वेळ झाली म्हणाला. सकाळचे अकरा वाजले होते.

१६ फेब्रुवारी, रविवार
दाढी करून, हसतमुखाने परत गेलो. मिळाला! कार्बन स्टील, पातं जवळजवळ हातभर. कॅम्पिंगला चार-पाच इंच भरपूर झालं, असं सगळे तज्ज्ञ सांगतात. पण तज्ज्ञांच्या मुली त्यांना सोडून चाललेल्या नसतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
सराव. ओंडका फोडताना पातं लाकडावर टेकवायचं आणि वरून दांडक्याने ठोकायचं. फ्लॅटमध्ये ओंडका नसल्यामुळे खुर्ची घेतली. दुसऱ्याच ठोक्याला खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांना दार उघडताना चाकू हातातच राहिला, ते आल्यापावली धावत खाली गेले. तो गैरसमज दूर करायला मीही धावलो. जिन्यात पडलो. अंगठ्याला टाके.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशाने कापलं? म्हटलं, कांदा चिरताना. म्हणाल्या, कांदा जिन्यात चिरत होतात का? मला घेऊन आलेले काका बाहेरच बसले होते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
दुकानदार चाकू परत घेईना, पात्याला खुर्चीचं पॉलिश लागलंय म्हणाला. दुसरा घेतला. चार इंची, स्टेनलेस, गरीब स्वभावाचा. ही माघार नव्हे. ही प्रगल्भता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
पेपर संपले. बायको हो म्हणाली! मला म्हणाली, तिला सांभाळ. मग लेकीला बाजूला घेऊन म्हणाली, त्याला सांभाळ. मला ऐकू आलं. तरीही एकूण वातावरण अनुकूल.

१ मार्च, शनिवार. तळ्याकाठी, तंबूत
तंबू लेकीने उभा केला. मी तोवर चाकूने खुंट्या तासत होतो. नंतर कळलं, तंबूबरोबर लोखंडी खुंट्या आल्या होत्या. मग शेकोटी. लाकूड ओलं. तासून तासून ढीगभर काप केले, ढिम्म पेटेना. पलीकडच्या तंबूतल्या कुटुंबाकडून लेकीने गॅसची शेगडी मागून आणली आणि सूप केलं. चांगलं झालं होतं.
हीच वेळ साधून म्हटलं, इथेच राहा ना. माझ्याजवळ.
ती बराच वेळ चमचा फिरवत बसली. मग म्हणाली, बाबा, बदली आईने माझ्यासाठी मागितली. तिथल्या कॉलेजात मला जायचंय. हट्ट माझाच होता. तुला सांगू नको, असं आईला मीच बजावलं होतं.
म्हटलं, का? म्हणाली, तू असा होशील म्हणून.
मग विचारलं, बाबा, रडतोयस का? म्हटलं, धूर गेला डोळ्यात.
शेकोटी पेटलेली नव्हती.

२ मार्च, रविवार
परतीच्या बसमध्ये तिने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि झोपली. आमचा स्टॉप आला. गेला. उठवली नाही. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरने उठवलं. तिला म्हटलं, माझाही डोळा लागला होता.

९ मार्च, रविवार
सामान चढवायला गेलो. बायकोवर इतके दिवस उगाच दात धरला होता, ते तिला सांगायचं होतं. पण तिच्या हातात गादी होती. टेम्पोवाल्याने विचारलं, साहेब, तुम्ही पण येताय ना? म्हटलं, नाही. मग बरं झालं, म्हणाला, आणि पुढच्या सीटवर कुंडी ठेवली.

१५ मार्च, शनिवार
दुपारी लेकीचा फोन. कसा आहेस, विचारलं. म्हटलं, एकदम मजेत. वेळ कुठे मिळतोय!
ठेवल्यावर बसवेना. खरं काय ते सांगावं म्हणून परत लावला. बायकोने उचलला. ती फोन घरीच विसरून क्लासला गेली, काही निरोप आहे का, म्हणाली. म्हटलं, आहे.
ती थांबली. मीही थांबलो. तिकडे कुकरची शिट्टी झाली, तरी तिने फोन ठेवला नाही.
शेवटी म्हटलं, बाबांचा फोन होता म्हणून सांग.