व्याहीबुवांच्या मानेवरचा चट्टा

सेलू, जि. वर्धा

श्री. बाबारावजी व्याहीबुवा, मुक्काम आष्टी, यांना चंद्रभानचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. ताठ उभं राहून तुम्हाला काही लिहावं अशी माझी लायकी सध्या राहिलेली नाही.) तुमची तब्येत, रुखमाबाई विहीणबाईंचे गुडघे आणि नव्या बोअरचं पाणी, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. मानेवरच्या चट्ट्याची चौकशी इथे करत नाही, कारण पुढे त्याच्याशिवाय दुसरं काही नाही. आमच्याकडे कौशल्या बरी आहे. पुण्याला आमचा रजत आणि तुमची आकांक्षा खुशाल आहेत. त्यांच्या कानावर यातलं काही जाऊ नये अशी माझी फार इच्छा होती, पण आता आष्टीच्या बाजारात कळल्यावर पुण्याला कळायला काय वेळ लागतो.

तर आधी एक विनंती. हे पत्र तुम्ही टिकारामभाऊंच्या सलूनमध्ये, शक्यतो बाजाराच्या दिवशी, मोठ्याने वाचायचं आहे. ही अट माझी नाही, टिकारामभाऊंची आहे. तुम्ही सध्या त्या दुकानाची पायरी चढत नाही हे मला माहीत आहे, आणि का चढत नाही हे तर तुमच्यापेक्षा मलाच जास्त माहीत आहे. तरी चढा. बाकावर जी मंडळी बसली असतील त्यांना माझा रामराम सांगा. (मी बाबारावजींचा व्याही. तीस-बत्तीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होतो, आता रिटायर आहे. याच्यापुढे माझ्याबद्दल चांगलं असं काही ऐकायला मिळणार नाही.) फोनच केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की माझी जीभ टाळूला चिकटते. व्हॉट्सॲपवर लिहायला बसलो, तर दोन ओळी लिहायच्या आणि पुसायच्या. हटवलेल्या संदेशांची ती रांग बघून व्याह्याचा फोन बिघडला असं तुम्हाला वाटलं असेल. फोन चांगला आहे, व्याही बिघडला आहे.

आमच्या घरात मांजरं आहेत, व्याहीबुवा. तुम्ही आलात तेव्हाही होती. तीन. मागच्या साली भाव नाही म्हणून आम्ही कापूस विकला नाही, मागच्या खोलीत भरून ठेवला, आणि उन्हाळ्यात त्या गंजीत एक रानटी मांजर व्याली. रानटी म्हणजे माणसाचं वारंही न खपणारी. खोलीच्या दारात पाय ठेवला की आतून असा आवाज यायचा, की ट्रान्सफॉर्मर उडायच्या आधी येतो ना, तसा. मी तो आवाज ओळखतो, म्हणून मी आत गेलो नाही. पण गल्लीतल्या कुत्र्यांनी एक पिल्लू नेलं आणि कौशल्येने दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं पदरात घालून सैपाकघरात आणली. माझ्याकडे बघून म्हणाली, “आता हे अथीच राह्यतीन. तुमाले चालत नसन तं तुमी कापसात झोपा.” पिल्लांच्या मागे आई आली. पिल्लांची नावं भुरी आणि कवडी. आई मात्र घरात आल्यापासून फ्रिजच्या वर बसून आमच्याकडे असं बघायची, की जणू आम्हीच तिच्या जमिनीत कुळं आहोत. तिचं नाव आपोआप मालगुजारीण पडलं.

तिघींची नसबंदी झाली, सुया झाल्या, जंताच्या गोळ्या झाल्या. म्हणजे मी ‘झाल्या’ लिहितो, पण त्यात काय काय झालं ते लिहायला मला लाज वाटते. (बाकावर कोणी हसत असेल तर हसू द्या, माझी हरकत नाही.) सायीत गोळी दिली तर मालगुजारीण साय खाऊन गोळी धुतल्यासारखी स्वच्छ परत द्यायची. कौशल्या माळकरी, म्हणून सुकट आणायला मी हेल्मेट घालून दुसऱ्या मोहल्ल्यात जायचो. ओळखीचा माणूस भेटला तर सुकट कोंबड्यांसाठी आहे असं सांगायचो. आमच्याकडे कोंबड्या नाहीत. त्याच हेल्मेटात, वर रेनकोट आणि हातात नोकरीतले जुने रबरी हातमोजे चढवून मी मालगुजारणीला पकडायला जात असे. हायटेन्शन लाइनवर ज्या हातमोज्यांनी मला कधी दगा दिला नाही, त्यांच्या आरपार तिचे दात गेले.

मग थंडीच्या सुरुवातीला भुरीच्या कानाजवळचे केस गोल गळाले. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर मंजुषाताईंनी बघितलं आणि सांगितलं की हे गजकर्ण आहे, एकीला आहे म्हणजे तिघींना आहे असंच धरा, आणि हे मांजराचं माणसाला होतं. तिघींना रोज औषध, घरातल्या चादरी गरम पाण्यात, आणि ‘बरं होईपर्यंत घरी आलेल्या पाहुण्यांच्या अंगाला मांजर लागू देऊ नका’. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा म्हटलं होतं. मी दोन्ही वेळा ‘हो’ म्हटलं होतं. व्याहीबुवा, मला माहीत नव्हतं असं नाही. हे तुम्ही मोठ्याने वाचा.

आणि मग नागपूरहून पुतणीच्या लग्नाचा बस्ता घेऊन परत जाताना तुम्ही दोघं जेवायला थांबलात. तुमचं स्वच्छतेचं वेड सगळ्या सोयरेगोतात प्रसिद्ध. दुसऱ्याच्या घरी पाणी पिताना तुम्ही पेला उजेडाला धरून बघता. अशा माणसाला मी काय सांगणार होतो, की या, बसा, घरात गजकर्णाची तीन मांजरं आहेत? सकाळीच तिघींना कापसाच्या खोलीत कोंडलं, अंगण धुतलं, उदबत्ती लावली. तुम्ही ‘घर कसं देवळासारखं आहे’ म्हणालात आणि मी मान खाली घालून हसलो. पाटवडीचा रस्सा तुम्ही मागून मागून घेतलात. मग अंगणात उन्हात बाजेवर आडवे झालात, दुपट्टा मानेभोवती घेतलात आणि तुमचा डोळा लागला. विहीणबाई आत कौशल्येला साड्या दाखवत होत्या. भुरीच्या कानाचं मलम कवडीने चाटलं की काय ते बघायला मी खोलीचं दार जरासं उघडलं, आणि माझ्या दोन पायांमधून मालगुजारीण निघून गेली.

मी तिच्यामागे अंगणात आलो तेव्हा ती तुमच्या बाजेजवळ उभी होती. तिने तुमचा पाय हुंगला. मग वर चढली, तुमच्या पोटावरून, अगदी पायवाट असल्यासारखी चालत गेली, आणि तुमच्या मानेच्या नि खांद्याच्या मधल्या खळग्यात गोल होऊन बसली. डोकं तुमच्या टकलाला टेकवलं. (टक्कल हा शब्द मंडळींसमोर वाचायला लावतो आहे, माफ करा.) आणि घुरघुरायला लागली. व्याहीबुवा, ते मांजर आमच्या घरात उन्हाळ्यापासून आहे. त्या दिवसापर्यंत ते आपणहून कोणाच्या हाताच्या अंतरात आलेलं नव्हतं. तिला घुरघुरता येतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मी हात हलवून कौशल्येला बोलावलं. ती साडी हातात घेऊन दारात आली नि तशीच थांबली. मी पुढे होऊन मांजराला हाकलायला पाहिजे होतं. दोन पावलांचं काम होतं. कौशल्या हळूच म्हणाली, “थांबा ना जरासक. पाह्यजा कशी झोपली थे.” आणि मी थांबलो. तुम्ही जागे होईपर्यंत थांबलो. फोटोसुद्धा काढला.

तुम्ही उठलात तेव्हा ती पळून गेली होती. दुपट्ट्यावरचे केस बघून तुम्ही विचारलंत, हे काय? कौशल्या म्हणाली, कापसाचा कचरा हाय. तुम्ही दुपट्टा झटकलात, पुन्हा मानेभोवती गुंडाळलात आणि आष्टीला गेलात. तुमची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आम्ही दोघं चादरी उकळत बसलो.

नंतर तुमचा फोन आला. मानेवर, कानाच्या खाली, रुपयाएवढा गोल चट्टा, खाज सुटते, काय असेल? तेव्हा मी खरं सांगायचं होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते असं, की कटिंग करून आले होते का कुठे? सलूनमधल्या वस्तऱ्यानं होतं असं ऐकलं आहे. मी सहज बोललो, नुसती वेळ मारून न्यायला. तुम्ही सहज घेतलं नाहीत. भर बाजारात, गिऱ्हाइकं बसलेली असताना, तुम्ही टिकारामभाऊंना काय काय बोललात ते मला विहीणबाईंनी कौशल्येला केलेल्या फोनवरून कळलं. ज्या माणसाने तुमची पहिली मिसरूड काढली आणि लग्नातली दाढी केली, त्याला तुम्ही ‘घाण हाताचा’ म्हणालात. त्यानंतर तीन-चार घरं नव्या सलूनकडे गेली. तुम्ही स्वतः मात्र दुसऱ्या कोणाच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला तयार नाही, म्हणून दाढी वाढवून बसला आहात, आणि चावडीजवळ कोणी अनोळखी बाई साधू समजून तुमच्या पाया पडून गेली, असंही कळलं. कौशल्या हे सांगताना हसली. मग रडली. मी जेवलो नाही.

मागच्या बाजाराला मी आष्टीला आलो होतो. तुम्हाला न सांगता. वर्धा, आर्वी करत एसटीने आलो आणि सरळ टिकारामभाऊंच्या खुर्चीत जाऊन बसलो. दुकानात कोणी नव्हतं. त्यांनी गळ्याभोवती कापड बांधलं, साबण लावला, आणि वस्तरा माझ्या गळ्यावर असताना मी सगळं सांगून टाकलं. (जागा चुकीची निवडली, हे सांगायला लागल्यावर लक्षात आलं.) त्यांचा हात थांबला. वस्तरा त्यांनी कापडाला पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “मांजर व्हय?”

मी म्हटलं, “मांजर.”

“अन् मी घरी बसून राह्यलो रातभर वस्तरे उकळत. बायको म्हणे, खरंच तं नसन?” ते म्हणाले. “मले नोका सांगू आता. त्याले सांगा. तोंडी नोका सांगू, तोंडाचं काई खरं नाई तुमच्या. लिहून द्या. अन् अथी बसून वाचू द्या त्याले, जोरात. बोलला होता तं जोरातच बोलला होता.”

त्यांनी उरलेली अर्धी दाढी अगदी नीट केली. तेवढ्यात समोर कांदेवाल्याजवळ तुम्ही दिसलात, पांढऱ्या दाढीसकट. मी वाळत घातलेल्या टॉवेलांच्या मागे उभा राहिलो. टिकारामभाऊंनी ते बघितलं आणि एक टॉवेल माझ्या बाजूला सरकवला. मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर मंडळी, टिकारामभाऊंचा वस्तरा स्वच्छ आहे. हात स्वच्छ आहे. घाण होती ती सेलूच्या चंद्रभानच्या जिभेवर. जी तीन-चार घरं गेली त्यांनी परत यावं. व्याहीबुवा, तुम्ही त्यांचा हात धरून माफी मागा, आणि मग माझ्या नावाने काय म्हणायचं ते म्हणा. चट्ट्याला मात्र मेडिकलमधली कुठलीही ट्यूब लावू नका, चामडीच्या डॉक्टरांना दाखवा आणि कारण मांजर आहे असं सांगा.

तुमचा, तोंड दाखवायला जागा न उरलेला व्याही,
चंद्रभान

ता.क. इथून पुढचं दुकानात वाचू नये. घरी जाऊन मनातल्या मनात वाचावं.

व्याहीबुवा, एक अडचण आहे. भुरी आणि कवडी औषधाने सुधारल्या, केस परत आले. पण मालगुजारीण अजूनही रोजच्या रोज हाताला लागत नाही, आणि तिचं औषध होत नाही तोपर्यंत बाकीच्या दोघींना पुन्हा होणार, आम्हाला पुन्हा होणार, आणि कोणी पाहुणा आला तर त्यालाही होणार. डॉक्टर मंजुषाताई म्हणतात, ती ज्याच्याजवळ आपणहून बसते अशा माणसाने मांडीवर घेऊन औषध पाजलं तरच जमेल. असा माणूस आम्हाला एकच माहीत आहे. तुम्ही आठवडाभर येऊन राहाल काय? तुम्हाला तर झालेलंच आहे, म्हणजे नवीन धोका असा काही नाही. फोटो सोबत जोडला आहे. तुम्ही झोपेत हसत होता.

ता.क. दुसरा. ह्या ओळी कौशल्याबाईच्या आहेत. इवाईबुवा, रामराम. यायनं सारं लिहिलं, पण एक गोठ नाई लिहिली. मले चट्टे झाले, तुमाले झाला, शेजारच्या विमलाबाईच्या नातीले झाला. यायलेच एकई नाई. रोज रात्री हेई दंडाले मलम लावतेत, पण अंगावर काईच नाई. तिघीतली एकई मांजर यायच्याजवळ जात नाई. त्या दिवशी अंगणात उभे राह्यले थे हाकलाले इसरले म्हून नाई. पाहून राह्यले होते, तुमाले कसं जमलं म्हून. तर येजा नक्की, दाढी करून येजा. औषधाचं पाहू आपण. पह्यले यायले शिकवा, बाजेवर कसं झोपाचं असते ते.