लायनरवरची तारीख

३ जून, देवनहळ्ळी
आज कल्लाप्पाअण्णांच्या गॅरेजात कामाला लागलो. निपाणीहून बसनं अंग आंबवत आलो, तरी चार गाड्या दुरुस्त केल्या. अण्णांनी बजावलं, इथं गप्पा स्वल्प, काम जास्ती. गप्पा कमी करणं या जन्मी जमायचं नाही. खोलीवर पत्रा आहे, पण समोर द्राक्षबाग. शिवलीलाला आवडली असती. बायको जाऊन सात महिने झाले, तरी काही चांगलं दिसलं की आधी तिलाच सांगावंसं वाटतं.

५ जून
शाळेत शिकवणाऱ्या हेमावतीअक्कांची पांढरी स्कूटर आली. मागचा ब्रेक किंचाळतो. स्प्रिंग ढिली असेल तर ड्रम खडखडतो, धूळ असेल तर खरखरतो, हे मला ऐकूनच कळतं. उघडलं तर ब्रेकचं लायनर पार झिजलेलं. अण्णा म्हणाले, काचपेपर मार, महिनाभर गप्प बसेल. मी नवं घातलं. सवयीप्रमाणे लायनरच्या पाठीवर खिळ्यानं आजची तारीख कोरली, म्हणजे कधी बदललं ते पुढच्याला कळतं.

६ जून
अक्का सोमवारी गाडी नेणार. फेरी मारून पाहिली, आवाज आहेच. ड्रम पुसला, स्प्रिंग बदलली. अण्णांना चालवताना काहीच ऐकू आलं नाही. मला येतो. शेवटी उचकी लागल्यासारखा तुटतो. शिवलीलाच्या स्कूटरचा अगदी असाच होता.

७ जून
परत उघडलं. आत झिजलेलं लायनर. पाठीवर माझ्याच अक्षरात तारीख — १२ नोव्हेंबर.

कुणालाच सांगितलं नव्हतं, इथं लिहितो. त्या दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी होती. शिवलीलाची स्कूटर घरचीच, म्हणून नेहमी शेवटी. जुनंच लायनर काचपेपरनं घासून बसवलं. आवाज गेला. आणि हातानं सवयीनं तारीख कोरली. तिनं विचारलं, नवं लायनर घातलंसा न्हवं? मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी तवंदी घाटाच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. लोक म्हणाले, रस्त्यावर वाळू होती. मी मान डोलावली.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

८ जून, सकाळ
पुन्हा नवं घातलं. अण्णांच्या डोळ्यांदेखत. तासाभरानं उघडलं — १२ नोव्हेंबर.

दुपार
अण्णा जेवायला गेलेत. स्कूटर स्टँडवर. मागचं चाक फिरतंय. इंजिन बंद आहे. मी हात लावलेला नाही —

किंचाळतंय. उचकी. पुन्हा —

थांबलं. सीट दबली, कुणी बसल्यासारखी. गाडी तयार झाली की ती टेकायची तशी, एका बाजूनं.

तोच प्रश्न. तोच आवाज. नवं लायनर घातलंसा न्हवं?

या वेळी खोटं बोलायचं नाही. शिवलीला, मी नवं —