नवाबासाठी गुलाबी डबा

४ मार्च, मंगळवार

पुन्हा पाच वेळा! सकाळी मी कामाला निघेपर्यंत दादाने माशांच्या टाकीत पाच वेळा खाणं ओतलं. पाचही वेळा माझ्याकडे वळून म्हणाला, "बिचारे कालपासून उपाशी आहेत गं, मुंगे." दुपारी कामावरून घरी आले तर पाणी दुधाळ झालेलं, वास मारत होतं, आणि पिवळ्या पट्ट्यांचा मासा आडवा पडलेला. त्याची जोडीदार परवाच गेली.

आता एकटा नवाब उरलाय. बोटाएवढा जीव. निळ्या-हिरव्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी, आणि तोंड सदा रुसलेलं. दुकानातलं सुकं खाणं पुढ्यात टाकलं तर ढुंकून बघत नाही. त्याला जिवंत, वळवळणारं हवं. तेही टाचणीच्या टोकाएवढं! मासे विकणाऱ्या टँकवाल्याने आधीच बजावलं होतं, "बाई, ही जात मरेल, पण मेलेलं खाणार नाही." दादाने तेवढ्यासाठीच घेतला असणार.

तीस वर्षं जहाजावर खलाशांना रांधून घातलं त्याने. वाढायची सवय हाताला अजून आहे. वाढलं, एवढंच डोक्यात राहत नाही.

६ मार्च, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, "एक तरी काम त्यांच्या हातात राहू द्या. तेही काढून घेतलंत तर फार भरभर खालावतील."

एक काम म्हणजे मासेच. दुसरं उरलंय काय? वहिनी गेल्यापासून गॅसला मी हात लावू देत नाही. बाहेर एकटा सोडत नाही.

संध्याकाळी भाचीचा फोन. "आत्या, सोळा तारखेला येते. बाबांचं काय ते ठरवू." काय ते म्हणजे काय, ते मला कळतं. तिच्या घराजवळ एक जागा आहे, अशा माणसांना सांभाळणारी. स्वच्छ आहे म्हणे, नर्स असतात. पोरीचं चुकतं असं नाही. म्हणाली, "आई गेल्यावर तूच सगळं केलंस. पण बाबांना साधे मासे सांभाळता येत नसतील तर घरात कसं ठेवायचं? नीट जमत असेल तर राहू दे, मी पुन्हा विषय काढणार नाही."

म्हणजे परीक्षा दादाची आणि अभ्यास माझा. दहा दिवस आहेत.

७ मार्च, शुक्रवार

सुचलं! दातांच्या लॅबमध्ये कवळीला पॉलिश करता करता सुचलं.

असा डबा करायचा की दादाने दिवसातून पन्नास वेळा भरला तरी बाहेर यायचं ते चिमूटभरच. डबा टाकीत बुडवून ठेवायचा. झाकणातून एक नळी पाण्याबाहेर, तिच्या तोंडाशी लहानसं नरसाळं. दादाने त्यात जिवंत खाणं ओतायचं. डब्याच्या अंगाला बारीक भोकं. किडे आत मजेत पोहतील आणि एकेक करून भोकातून बाहेर पडतील. नवाबाने भोकाशी बसून टिपायचे. पाणी नासणार नाही, आणि दादाला कुणी "आता पुरे" म्हणणार नाही.

त्याला "आता पुरे" म्हणणारी मीच आहे. दिवसाला वीस वेळा. माझंच मला ऐकवत नाही हल्ली.

९ मार्च, रविवार

खाणं पैदा करायचं काम दादाचं. टँकवाल्याने दिलेली बाटली उलटी टांगायची, तिच्यात खारं पाणी, हवेची नळी, आणि वर त्या किड्यांची चमचाभर अंडी. अंडी कसली, तपकिरी पूडच ती. एका दिवसात तिच्यातून नारिंगी ठिपके पोहायला लागतात. हे सगळं त्याचे हात न विचारता करतात! मीठ किती, पाणी किती, कुठे अडलं नाही. आज मात्र मला दोनदा वहिनीच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. काय करणार?

बाटलीच्या बुडाशी टॉर्च धरली की सगळे ठिपके उजेडाकडे धावत येतात. दादा ओरडला, "जन्मले गं, जन्मले!" मग माझ्याकडे बघून हळूच, "कोणाचे?"

११ मार्च, मंगळवार

पहिला डबा फसला. साधी प्लॅस्टिकची बरणी घेतली होती. भोकं मोठी झाली. दादाने नरसाळ्यातून ओतलं आणि दहा मिनिटांत सगळे बाहेर, टाकीभर. दादा म्हणाला, "मुंगे, शाळा सुटली की काय!"

कधीकधी असा लख्ख बोलतो की वाटतं, उगाच घाबरतेय मी. नवाब दगडामागे बसून राहिला. एवढ्या गर्दीत जेवायची त्याची पद्धत नाही.

१२ मार्च, बुधवार

दुसऱ्याची भोकं इतकी बारीक की तासाभरात बुजली. ती मोठी करायला गेले तर बरणीच तडकली. चरफडले. दादा समोर होता, त्याच्यावरच ओरडले. त्याने तडकलेली बरणी उचलली. मग म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

नाही रे. तुझं काहीच चुकलं नाही.

नवाबाचं पोट आत गेलंय. चार दिवस राहिले.

१३ मार्च, गुरुवार

अगं बाई, एकतीस वर्षं तू करतेस काय? कवळ्या! दुसऱ्याची बरणी कशाला फोडत बसतेस? गुलाबी पूड आणि तिचं द्रावण कालवलं की हवा तो आकार. तडकत नाही, भोकं पाडायला माझ्याकडे केसाएवढ्या बारीक सुया आहेत, आणि कडा पॉलिश केल्या की नवाबाच्या ओठाला ओरखडासुद्धा येणार नाही.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "नवाबाला कवळी बसवतेस?" दोघंही हसलो. मला तर हसता हसता रडूच आलं. किती दिवसांनी!

१४ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये डबा ओतला. भट्टीवरची पक्की पद्धत नाही वापरली, तिला फार वेळ लागतो. थंड जमणारी वापरली. अर्ध्या तासात कडक! संध्याकाळी भोकं पाडली, चौदा. घासून चकचकीत केला. हिरडीसारखा गुलाबी डबा, त्याला नळीची सोंड. दिसतो अगदी विनोदी. पण काम असं झालंय की आमच्या मालकांनी हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाले, "पेशंट कोण?"

उद्या सकाळीच टाकीत.

१५ मार्च, शनिवार

खाल्लं!! नवाबाने खाल्लं!

सकाळी आठला डबा लावला. दादाने ओतलं. एक ठिपका भोकातून बाहेर आला. मग दुसरा. मग बराच वेळ कोणी नाही. नवाब दगडामागून निघाला. परांवर चालल्यासारखा येतो तो, मिरवत. डब्याशी थांबला. भोकाकडे एक डोळा लावला. आणि टिप्! दादाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. "घेतलं गं, घेतलं!"

दिवसभरात दादाने सहा वेळा डबा भरला. मी एकदाही "पुरे" म्हटलं नाही. पाणी काचेसारखं. संध्याकाळी दादा खुर्ची टाकीसमोर ओढून बसला आणि म्हणाला, "आज सगळे जेवले."

येऊ दे भाचीला उद्या. बघू दे.

१६ मार्च, रविवार

नवाब गेला.

भाची अकराला आली. तोवर मी त्याला काढलंसुद्धा नव्हतं. वाळूवर पडला होता, रंग उडालेला, कल्ले फाकलेले. ती टाकीपाशी गेली, दादाही मागोमाग गेला. त्याने बराच वेळ बघितलं. मग पोरीला म्हणाला, "मी विसरलो गं. दोन दिवस घातलंच नाही मी त्याला. उपाशी मारला."

मी तोंड उघडलं. काल सहा वेळा घातलंस रे, एवढंच म्हणायचं होतं. पण मी जाळी आणायला वळले.

कारण मला माहीत होतं. सकाळी डबा बाहेर काढला तेव्हाच नाकाला कळलं; दादानेही तो हातात घेऊन हुंगला होता. आमच्याकडे थंड जमवलेली कोणतीही वस्तू पेशंटच्या तोंडात जाण्याआधी दोन दिवस पाण्यात ठेवतात. द्रावणाचा अंश आत उरलेला असतो, तो निघून जावा लागतो. नाहीतर तोंड येतं, आग होते. हे मी नवीन मुलींकडून वर्षानुवर्षं घोकून घेतलंय. एवढ्याशा टाकीत, एवढ्याशा जिवाजवळ, मी तो डबा ताजा लावला. रविवार जवळ आला म्हणून!

दुपारी भाची म्हणाली, "आज मासा विसरले, उद्या गॅस विसरतील." दादा मान हलवत होता. मी ताटं उचलत होते.

खरं लिहू? इथे कोण वाचतंय. तीस तारखेला घेऊन जाते, असं ती म्हणाली, तेव्हा एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. एकच क्षण. त्यानंतर जे वाटलं ते लिहवत नाही.

१८ मार्च, मंगळवार

दादा भेटेल त्याला सांगतोय. डॉक्टरांना सांगितलं. जिन्यात शेजारणीला सांगितलं. टँकवाला बाटल्या परत न्यायला आला, त्याला दारातच, "मी विसरलो हो. माझ्या हातून मेला." टँकवाला बिचारा म्हणाला, "होतं असं, काका. ही जातच नाजूक."

सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. हे मात्र आठवतं! जे खोटं आहे तेच कसं चिकटून बसलं?

आणि मी शेजारी उभी. कवळी बिघडली म्हणून एकही पेशंट कधी परत आला नाही, याचा केवढा तोरा होता मला.

२१ मार्च, शुक्रवार

टाकीत कोणी नाही. तरी सकाळी दादा समोर उभा राहतो. हात उचलतो, तसाच खाली घेतो. मी पंप चालू ठेवलाय. बंद केला तर घर फार शांत होईल.

आज त्याची बॅग भरायला घेतली. मी कपडे घड्या घालून ठेवायचे आणि त्याने ते बाहेर काढून कपाटात लावायचे. असं तीनदा. तिसऱ्या वेळी मी खालीच बसले.

२२ मार्च, शनिवार

सांगायचंच. भाचीला सगळं सांगायचं. लॅबमधून डोकं उठल्याचं निमित्त करून लवकर आले, पण फोन हातात धरून बसून राहिले.

२४ मार्च, सोमवार

सांगितलं. एका दमात. द्रावण, दोन दिवस पाणी, माझी घाई, माझं गप्प बसणं, सगळं. "त्यांनी घातलं होतं गं. सहा वेळा घातलं होतं. मासा माझ्यामुळे मेला. त्यांना नेऊ नकोस."

ती इतकं मायेने म्हणाली, की तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "आत्या, बाबांनी मला त्या रविवारीच सांगून ठेवलंय. गाडीपर्यंत सोडायला आले होते ना, तेव्हा. म्हणाले, मुंगी म्हणेल तिच्यामुळे मेला. मला ठेवून घ्यायला काहीही बोलेल ती. ऐकू नकोस."

मी देवाशपथ म्हटलं. लॅबमध्ये विचार म्हटलं. ती म्हणाली, "आत्या, तू जेवतेस ना वेळेवर?"

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला गेले आणि कोणी विश्वास ठेवीना! दादाला त्या दिवशी हे सुचलं तरी कसं? त्याला विचारलं. तो म्हणाला, "कोणता मासा?"

२७ मार्च, गुरुवार

काही लिहायला नाही. बॅग भरली.

३० मार्च, रविवार

गेला.

भाची डिकीत सामान लावत होती. मी खिडकीशी वाकून त्याच्या स्वेटरची बटणं लावत होते. दादाने माझं मनगट धरलं. डोळे अगदी जहाजावरून सुट्टीला यायचा तेव्हाचे, स्वच्छ.

"तुझ्या डब्यानेच गेला, मला माहीत आहे," हळू आवाजात म्हणाला. "माझ्या नावावर राहू दे. मी विसरून जाईन, मुंगे. तुला जमलं नसतं."