गेनू वाटाड्याचं सातवं पुस्तक

विटा, जि. सांगली
गुरुवार, ता. ९ डिसेंबर १९९९

चि. अश्लेषास अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. थंडी यंदा चांगली पडली. रानात शाळू, आमची रब्बीची ज्वारी, गुडघ्याच्या वर आला आणि आमच्या हरणाबाईचे गुडघे मात्र खाली बसले. तुझ्या साताऱ्यातही अजिंक्यताऱ्यावरनं वारं सुटलं असेल, कानाला रुमाल बांधून शाळेला जात जा.

पत्र उघडल्यावर तू आधी खालची सही बघशील आणि म्हणशील, हे कोण दादासो? मी अवधूतचा बाप, हरणाबाई त्याची आई. तुमचा कॉम्प्युटरवरचा वाटाड्यांचा गट ज्यानं काढला, त्या अवधूतचा. तुझा पत्ता तूच गटात दिला होतास, औंधच्या मेळाव्याला येणाऱ्यांनी नावं कळवावीत म्हणून. अक्षराला हसू नको. शाळा चौथीपर्यंत झाली, उमेदीची तीस वर्षं यंत्रमागावर गेली. वाचायला लागलो ते चाळिशीत, ते कसं ते पुढं येईलच.

तुमच्या गटाचं मला लय कौतुक आहे. डोंगरात लोकांना वाट दाखवणाऱ्या त्या गेनूची अकरा पुस्तकं, पातळ, पिवळ्या कागदाची. लिहिणारे गुरुजी जाऊन वीस वर्षं झाली, छापखाना मिटला, दुकानात मागितलं तर पोरगं तोंडाकडं बघतं. आणि तुम्ही साठ माणसं, कोण पुण्यात, कोण बंगळूरला, कोण अमेरिकेत, एकमेकांचं तोंड न बघता त्या पोराला जित्तं ठेवलंय. गेनूची शेळी दुसऱ्या पुस्तकात पांढरी आणि पाचव्यात तांबडी का, यावर तुम्ही तीन आठवडे भांडलात. गुरुजी विसरले म्हणणारे एकीकडं, छापखान्याची चूक म्हणणारे दुसरीकडं. शेवटी गटावर अवधूतच्या नावानं आलं, "अरे, शेळी काय अकरा पुस्तकं जगते व्हय? ही तिची लेक असंल." भांडण तिथंच मिटलं. अमेरिकेतल्या बाईंनी लिहिलं, अवधूतला शेळ्या राखायचा अनुभव दिसतो.

अवधूतनं जन्मात शेळी राखली नाही. शेळ्या मी राखल्या.

बघ, मी पुढचं आधी सांगायला लागलो. गाडी बैलाच्या पुढं गेली.

परवा तू अवधूतला लिहिलंस, "दादा, २६ तारखेला औंधला नारळ तूच फोडायचा. तुला बघितल्याशिवाय आम्ही यमाईचा डोंगर चढणार नाही." आणि खाली लिहिलंस की वाईच्या एका जुन्या वाचनालयात तुला सातवं पुस्तक सापडलंय, डोंगरावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार आहेस. ते ऐकल्यापासून मला भाकरी गोड लागेना. म्हणून लिहायला बसलो. २६ तारखेच्या आत तुला हे कळायला पाहिजे.

आधी पुस्तकांचं सांगतो.

अवधूत चौथीत असताना ही पुस्तकं आमच्या घरात आली. विट्यात शाळेच्या बक्षिसात पहिलं मिळालं, बाकीची त्यानं आईच्या मागं लागून एकेक जमवली. मी पाळी संपवून यायचो, कानात मागाचा खटखटाट तसाच असायचा. तो माझ्या उशाला बसून वाचायचा. मागानं कान अर्धे गेलेले, म्हणून ओरडून वाचायचा. शेजारची रंगुबाई म्हणायची, "काय गं हरणे, बापल्योक भांडत्यात व्हय रोज?" पुढं पुढं मी त्याच्या बोटाखालची अक्षरं बघायला लागलो. तो म्हणायचा, "आबा, आता ही ओळ तुमी." असं करत माझं वाचन सुटलं. लेकानं बापाला शिकवलं.

मग तो दहावी पास झाला. चांगल्या मार्कानं झाला. त्याला पुढं शिकायचं होतं. आमच्या विट्याची रीत तुला ठाऊक असेल, पोरगं हाताशी आलं की गलाईच्या दुकानात धाडायचं. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची ती दुकानं, देशात असं शहर नाही की जिथं आमच्याकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला नाही. हरणाबाईच्या भावाचं दुकान कोइमतूरला होतं. मी म्हणालो, जा. तो म्हणाला, "आबा, एक दोन वर्सं थांबा की." मी म्हणालो, पुस्तकं वाचून सोनं गळत नसतं.

तो गाडीत बसला तेव्हा मी स्टँडवर नव्हतो. पाळीवर होतो. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती.

तो गेल्यावर आठ दिवसांनी ती अकरा पुस्तकं मी फुटाणेवाल्याला देऊन टाकली. रागानं दिली की कोपरा मोकळा करायला, मला आजही सांगता येत नाही. हरणाबाईला कळलं तशी ती अनवाणी पळत गेली. दहा परत आणली. सातव्याच्या पुड्या झाल्या होत्या. दिवाळीला अवधूत आला, पुस्तकं मोजली, परत लावून ठेवली.

तो गट काढल्यावर गटातली सगळी पत्रं कागदावर छापून घरी पाठवायचा. "आबा, वाचा, तुमच्या गेनूची माणसं भेटली," असं वर लिहिलेलं. त्यात एका कागदावर तूच त्याला विचारलं होतंस, दादा, तुझ्याकडं दहाच कशी? त्यानं लिहिलं होतं, "सातवं माझ्याकडून हरवलं. माझाच निष्काळजीपणा." तो कागद मी घडी घालून टोपीत ठेवतो.

आता सांगतो. अश्लेषा, बाळ, अवधूत आता नाही. गुढीपाडव्यानंतर तिसऱ्या आठवड्यात गेला. भट्टीवरच्या तेजाबाचा, त्या ॲसिडचा धूर सतरा वर्षं छातीत साठला. दोन वर्षं खोकत होता, आम्हाला म्हणायचा, कोइमतूरची हवा दमट आहे. आम्ही पोचलो तेव्हा नळी घातलेली होती, बोलता येत नव्हतं. मी त्याचा हात धरला, तर त्यानं माझ्या तळव्यावर बोट फिरवलं, ओळीखालून फिरवायचा तसं. त्याला काय सांगायचं होतं ते मला वाचता आलं नाही.

तुमच्यापैकी कोणाला हे ठाऊक नाही. त्याला कारण मी.

कोइमतूरहून त्याची पेटी आली, त्यात वही होती. वहीत गटाचा पत्ता आणि आत जायचा शब्द लिहिलेला. शब्द होता 'शेळी'. मी सांगलीला गेलो. तिथं पद्माताई म्हणून एक बाई टायपिंगचा क्लास चालवतात, त्यांनी आता दोन कॉम्प्युटर बसवलेत. जायचं ते तुम्हाला बातमी सांगायला, एवढंच मनात होतं. पद्माताईंनी पत्रांचा ढीग उघडला. आणि तुमचा रिवाज माझ्यापुढं आला.

पुस्तकात धुक्यात गेनू पुढं चालतो, मागचा माणूस दिसत नाही, म्हणून तो ओरडतो, "मागं हाईस का?" आणि मागच्यानं म्हणायचं, "हाय, चल पुढं." गटात कोणी बरेच दिवस गप्प बसला की तुम्ही त्याला तसंच विचारता. त्या दिवशी पद्माताई एकेक पत्र वाचत होत्या. अवधूत, मागं हाईस का? दादा, मागं हाईस का? बंगळूरहून, पुण्याहून, मस्कतहून. बेचाळीस पत्रं, सगळ्यांत तेच. तुझी त्यात सहा होती. पद्माताईंनी कीबोर्ड पुढं ओढला. त्या म्हणाल्या, "काका, काय लिहू?"

मला म्हणायचं होतं, लिहा, तो गेला. तोंडातनं आलं, "हाय, चल पुढं."

तेवढंच. पण तासाभरात तुम्हा लोकांचा असा जल्लोष झाला! एकजण म्हणाला, जीव भांड्यात पडला. त्या दिवशी विट्याला परत येताना एस.टी.त मी हसत होतो. लेक गेल्यावर पहिल्यांदा हसलो. घरी हरणाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आवं, असं करू नगा. तेला तितं बी शांती न्हाई लाभायची." पण पुढच्या गुरुवारी निघालो तेव्हा तिनंच भाकरी बांधून दिली आणि दारात विचारलं, "ती साताऱ्याची पोरगी काय लिवती का?"

असे सात महिने झाले. दर गुरुवारी अवधूत जित्ता व्हायचा. शेळीचं मी सांगितलं, धनगरवाड्यात लग्न कसं लागतं ते मी सांगितलं. आणि मग श्रावणात तुम्ही सगळ्यांनी त्याला गळ घातली, सातवं पुस्तक तुझ्याकडं होतं ना, आठवेल तेवढं सांग. मी पाच गुरुवार सांगितलं. मला पानन् पान पाठ होतं, ओरडून वाचलेलं माणूस विसरत नाही.

शेवट मात्र मी बदलला.

तू आता खरं वाचलं असशील. खऱ्या पुस्तकात व्यापारी गेनूला बरोबर न्यायला येतो, बाप हो म्हणतो आणि रानात निघून जातो. गेनू खिंडीत थांबून तीनदा मागं बघतो. कोणी येत नाही. मग तो कोकणात उतरतो. मी सांगितलं त्यात बाप धावत येतो, खिंडीपर्यंत बरोबर चालतो, त्याच्या खांद्यावर आपली घोंगडी टाकतो. आठव्यात गेनू कोकणात असतो, तेवढं मला सांभाळावं लागलं. नाहीतर त्याला माघारीच आणला असता.

तुम्हाला ते आवडलं. बंगळूरच्या माणसानं लिहिलं, मी बापाशी सहा वर्षांनी फोनवर बोललो. आता त्याला काय तोंड दाखवू?

पद्माताई म्हणाल्या, "काका, काहीच लिहू नका. अवधूतला परदेशी नोकरी लागली असं कळवू, हळूहळू थांबवू." वाट सोपी होती. पण मग तुम्ही दर महिन्याला विचारत राहणार, मागं हाईस का, आणि पलीकडं कोणीच नाही. धुक्यात असं कोणाला उभं करू नये.

म्हणून तुला लिहिलं. गटाला सांगायचं की नाही, आणि कसं, ते तू ठरव. तुम्ही रागावून गट मोडलात तर तेही मी सोसेन, पण मोडू नका. त्यानं भट्टीचा वास अंगाला असताना, रोजची भाकरी खायच्या आधी कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन तो उभा केला होता. त्याला मोडण्याएवढी माझी चूक मोठी होऊ देऊ नका.

आणि २६ तारखेला सातवं पुस्तक आहे तसं वाच. माझा शेवट त्यात घालू नको. बाप आला नव्हता, तर नव्हता.

मी औंधला येईन. हरणाबाईही येते म्हणते, गुडघे घेऊन. आम्ही डोंगराच्या पायथ्याला पहिल्या पायरीशी थांबू. माझ्या हातात पिशवी असेल, पिशवीत अवधूतची दहा पुस्तकं. ती तुम्ही घ्या, आमच्या मागं ती परत फुटाणेवाल्याकडं जाऊ नयेत. तुमच्यातल्या कोणाला आमच्याशी बोलू वाटलं नाही, तर आम्ही पायरीवर पुस्तकं ठेवून, लांबनं यमाईला हात जोडून माघारी जाऊ. वाईट वाटून घेणार नाही.

पण जर कोणाला वाटलं, तर एवढंच करा. नारळ फोडायच्या आधी सगळ्यांनी मिळून त्याला एकदा विचारा. मोठ्यानं विचारा, मला ऐकायला कमी येतं. उत्तर त्याच्या नावानं मी आता देणार नाही. त्या वेळी तिथं जेवढा वेळ कोणी काही बोलणार नाही, तेवढा वेळ मला त्याच्याजवळ बसू द्या.

मग डोंगर चढा. मला चढवेल का माहीत नाही, पण तुमच्या पाठीमागं येईन. वळून विचारलंत, तर ओ देईन, माझ्या स्वतःच्या नावानं.

तुझा,
अवधूतच्या मागं राहिलेला त्याचा बाप,
दादासो